त्याला दिसलं पाहिजे

३ फेब्रुवारी

वकिलांनी सांगितलं म्हणून लिहायला बसले आहे. रोज मनात येईल ते उतरवून काढा, त्यातूनच तुमचं आयोगापुढचं भाषण तयार होईल, म्हणाले. यांची गेल्या वर्षीची डायरी कोरीच पडली होती, ती घेतली. पण इथलं एक अक्षरही मी वकिलांना दाखवणार नाही. भाषणात शिव्या चालत नाहीत आणि माझ्या मनात सध्या दुसरं काही येत नाही.

आयोग कशासाठी, तर कैद्यांच्या सोयींसाठी. गेल्या उन्हाळ्यात इथल्या तुरुंगात एकजण गुदमरून मेला. चौघांच्या खोलीत पंधराजण कोंबले होते म्हणे. तेव्हापासून जो उठतो तो कैद्यांच्या हालांवर बोलतो. पंखे द्या, गाद्या द्या, डॉक्टर द्या. टीव्हीवर तेच आणि आमच्या चष्म्याच्या दुकानातही तेच. आज एक निवृत्त मास्तर नंबर काढायला आले होते. हनुवटी पट्टीवर टेकवलेली, एक डोळा झाकलेला, तरी तोंड सुरूच. शिक्षा म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य काढून घेणं, त्यावर आणखी छळ कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, खालची ओळ वाचा. त्यांना वाचता आली नाही. मला उगाच बरं वाटलं.

आमच्या ढमीला जाऊन सहा वर्षं झाली. जन्मली तेव्हा गुटगुटीत होती म्हणून ढमी. पुढे काडीसारखी झाली तरी नाव तेच राहिलं. औषधांच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी दुकान बंद करताना तो गल्ला लुटायला आत घुसला. तिने गल्ला सोडला नाही. शटर ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या हाती लागला. मेल्याला जन्मठेप झाली, फाशी नाही. आणि आता त्याला पंखा हवा.

८ फेब्रुवारी

वकील दुकानात येऊन गेले. आमच्या कठोर शिक्षा समितीचे ते अध्यक्ष. माणूस मोठा धडपड्या. ढमीच्या फोटोचं पोस्टर त्यांनीच चौकाचौकात लावलं. त्यावर त्यांचा स्वतःचा फोटो तिच्यापेक्षा मोठा आलाय, छापणाऱ्याने घोळ घातला असणार.

त्यांनी बातमी आणली की नव्या नियमाप्रमाणे मेलेल्या माणसाच्या घरच्यांना कैद्याची भेट मिळते. तुम्ही जा, म्हणाले, तो आत कसा मजेत आहे ते डोळ्यांनी बघा आणि तेच आयोगाला सांगा. आईच्या तोंडून ऐकलं की सगळे गप्प बसतात.

हे म्हणाले, जाऊ नकोस. यांचं हे नेहमीचंच. ढमी गेल्यापासून हे कशातच नसतात. पूर्वी मागच्या खोलीत मशीनवर बसून काचा स्वतः घासायचे. यांच्या हातची काच म्हटली की गिऱ्हाईक लांबून यायचं. आता काचा बाहेरून घासून आणतो आणि हे काउंटरवर बसून पुसलेल्या फ्रेमी पुन्हा पुसतात. गुडघे दुखतात म्हणतात. गुडघे कोणाचे दुखत नाहीत?

मी जाणार आहे. ढमीचा तो हसतानाचा फोटो नेणार आहे. त्याच्या डोळ्यांसमोर धरणार आणि म्हणणार, बघ. एवढंच. सहा वर्षं मी याच एका क्षणावर जगले आहे.

१२ फेब्रुवारी

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. 

मजेत म्हणे! आधी तो वास. फाटकातून आत शिरलं की ओल्या पोत्यांचा आणि तुंबलेल्या मोरीचा वास नाकात जातो तो घरी येऊन अंघोळ केली तरी सुटत नाही. दवाखान्याच्या दाराला कुलूप. कुलपावर कोळ्याचं जाळं. पलीकडच्या बराकीत कोणीतरी एकसारखं खोकत होतं, असा खोकला की ऐकणाऱ्याची छाती दुखावी. पण मी कैद्यांची कणव करायला गेले नव्हते. असो त्यांची मोरी तुंबलेली.

भेटीच्या खोलीत दोन जाळ्या आणि मध्ये हातभर जागा. पलीकडे त्याला आणून बसवलं. कोर्टात पाहिला होता तो तरणाताठा होता, हा कोणीतरी वाळलेला, खांदे पाडलेला माणूस. मी जाळीला फोटो लावला. म्हटलं, बघ.

तो पुढे झुकला, मान वाकडी केली, आणि म्हणाला, "आपण कोण?"

मी कोण! मी म्हटलं मी कोण ते सोड, ही कोण ते सांग. त्याने डोळे किलकिले केले, पुन्हा मान वाकडी केली. मग हळूच म्हणाला, "मला दिसत नाहीये हो. काहीतरी पांढरं दिसतंय."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण हे त्याच्याही वर. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. शिपाईणबाईने मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि पाणी दिलं. ग्लासही ओशट.

१३ फेब्रुवारी

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे उठून चहा टाकला आणि उतू जाईपर्यंत तशीच उभी राहिले. कारण तेव्हा ध्यानात आलं.

तो खोटं बोलत नव्हता. नाटक करणारा माणूस डोळे मिचमिचे करतो तेव्हा कपाळाला आठ्या घालतो. खरंच न दिसणारा पापण्या जवळ आणून फट करतो आणि मान फिरवून कुठल्या कोनातून बरं दिसतं ते शोधतो. माझा अख्खा जन्म याच धंद्यात गेलाय. मला नाही कळणार तर कोणाला कळणार? शिवाय नाकाच्या दोन्ही बाजूंना फ्रेमचे जुने डाग होते. जड काचांचे. मायनस सात-आठ तरी असणार. म्हणजे हातभर अंतरावर त्याला माझं तोंड एक डाग दिसत असेल आणि ढमीचा फोटो दुसरा डाग.

यांना उठवलं आणि सांगितलं. हे उठून बसले. मग म्हणाले, कोर्टात पुराव्याच्या पिशवीत एक चष्मा होता, एक काच फुटलेला, आठवतो का? मला आठवला. काळी फ्रेम. तोच त्याचा. त्याच दिवशी पोलिसांनी उचलला आणि लाखेने बंद करून ठेवला. नंतर कोणी त्याला दुसरा दिलाच नाही.

म्हणजे सहा वर्षं हा माणूस धुक्यात बसलाय. लोक म्हणतील, बरं झालं, भोगतोय. काय भोगतोय? त्याला भिंत दिसत नाही, समोरच्याचं तोंड दिसत नाही, मी दिसत नाही, माझी लेक दिसत नाही. ज्याच्यासाठी आत टाकलाय ते सोडून सगळं त्याला मिळालं, वास, उकाडा, ढेकूण. माझी शिक्षा त्याला मिळालीच नाही.

कोणी म्हणेल फोटो हातात दे, नाकाला लावून बघेल. मला तसं नको. नाकाला लावला की अर्धा गाल दिसतो आणि कागदाचा वास येतो. त्याने समोर बसून, माणूस माणसाकडे बघतो तसं बघायला हवं. तिच्याकडे आणि मग माझ्याकडे.

१७ फेब्रुवारी

तुरुंगात जाऊन जेलरला गाठलं. तरुण आहे, टेबलावर काच आणि काचेखाली मुलाचा फोटो. मी म्हटलं, तुमच्या त्या कैद्याला चष्मा का नाही? तो म्हणाला, आहे की, शिबिरात दिलाय. मी म्हटलं, मागवा.

मागवला. घडी घातलेल्या रुमालात होता. मी बोटाने काच चाचपली आणि मला भोवळ यायची बाकी राहिली. मधोमध फुगीर काच. प्लस दोन! म्हाताऱ्या माणसांना वर्तमानपत्र वाचायला देतात तो. कुठल्याशा दानशूर मंडळाने खोकंभर तयार चष्मे आणले, सगळे जवळचे, आणि रांग लावून वाटले. कोणाचा डोळा कोणी तपासला नाही. मायनस आठच्या माणसाला प्लस दोन म्हणजे पांगळ्याच्या गळ्यात धोंडा बांधणं. तो घातला तर होतं तेवढंही दिसेनासं होईल. आणि तुरुंगाच्या दप्तरी, कैद्यास चष्मा पुरवला.

मी टेबलावर हात आपटून बोलले. आयुष्यात कोणाला असा चष्मा दिला असता तर दुकानाला टाळं लावून घरी बसले असते, म्हटलं. जेलर बिचारा म्हणत राहिला की बाई, शांत व्हा. मग त्याने विचारलं की तुम्ही त्याच्या नात्यातल्या का?

 म्हटलं, मी त्याने मारलेल्या मुलीची आई. तो उभा राहिला. चांगला चष्मा बाहेरून आणायची परवानगी त्याच्या हातात नाही, ती आयोगाने द्यायला हवी, असं त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं.

१९ फेब्रुवारी

समितीची बैठक. वकिलांनी मागण्या वाचून दाखवल्या. खून करणाऱ्याला पंखा नको, गादी नको, पुस्तकं नकोत, बाहेरच्या वस्तू नकोत. चष्मा बाहेरच्या वस्तूंमध्ये मोडतो. मी म्हटलं, चष्मा काढा त्यातून.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू माझ्याच कपाळाला शिंग फुटलं. मी समजावून सांगितलं, की अहो, त्याला दिसलं नाही तर कळणार कसं, कळलं नाही तर शिक्षा कसली? कोपऱ्यातल्या भाजीवाल्या काकू म्हणाल्या, आईचं काळीज शेवटी, दया आली हो. मी त्यांना म्हटलं, दया येवो तुमच्या शत्रूला. वकिलांनी हसून विषय बदलला. पुढच्या आठवड्यात टीव्हीवाले येणार आहेत, त्यांच्यापुढे असलं काही काढू नका, म्हणाले. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की निवडणूक तोंडावर आहे, लोकांना सरळ, एका वाक्यातली गोष्ट लागते. निवडणुकीचा ढमीशी काय संबंध ते मला समजलं नाही. विचारणार होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

२३ फेब्रुवारी

आज दुसऱ्या बाजूच्या, कैद्यांच्या सोयींसाठी भांडणाऱ्या प्राध्यापकबाई दुकानात आल्या. समितीतल्या कोणीतरी बातमी फोडलेली दिसते. बाईंनी सरळ माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाल्या की तुम्ही क्षमेचा आदर्श घालून दिलात. आमच्या व्यासपीठावर या.

मी हात सोडवून घेतले. म्हटलं, बाई, क्षमा कोणी केली? मला त्याला चष्मा द्यायचाय तो त्याला जन्मभर जळता यावं म्हणून. बाई म्हणाल्या, समजतं मला, वेदना बोलते आहे. मला हा प्रकार मुळीच सहन होत नाही. एकीकडे वकील, तो मला काय वाटायला हवं ते सांगतो. दुसरीकडे ह्या, त्या मला काय वाटतंय ते सांगतात. मी स्वतः बोलतेय ते ऐकायला कोणाला वेळ नाही.

जाता जाता म्हणाल्या की त्यांचा चष्मा नाकावरून घसरतो. नाकाच्या गाद्या बदलून दिल्या. घसरतोच तो, बाईंचं नाक तसं आहे.

हे आतून सगळं ऐकत होते. त्या गेल्यावर म्हणाले, "परवानगी मिळाली तर नंबर तू काढ. काच मी घासतो."

मशीन इतकी वर्षं बंद आहे, गंजून जाऊ नये असं वाटलं असेल.

२ मार्च

आयोगापुढे बोलले. वकिलांचं भाषण पिशवीतच राहिलं.

मोठं दालन, गर्दी, वरती तिघे बसलेले. मधले अध्यक्ष जुने न्यायाधीश. त्यांच्या चष्म्याची दुहेरी काच चुकीच्या उंचीवर बसवलीये, कागद वाचायला मान मागे टाकत होते. माझ्या आधी वकील बोलले, टाळ्या पडल्या. मग प्राध्यापकबाई बोलल्या, तिकडच्या टाळ्या पडल्या. एक म्हणतो तुरुंग की हॉटेल, दुसरी म्हणते तुरुंग की नरक. उंटावरून शेळ्या हाकायला दोघेही तयार. त्या कुलपावरचं जाळं दोघांपैकी एकानेही बघितलेलं नाही.

माझं नाव पुकारलं तेव्हा रागातच उठले.  मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण उद्याच्या पेपरात काय येईल याचा भरवसा नाही.

"मला गाद्या-पंख्यांची अक्कल नाही. मी डोळ्यांचं बघते. माझ्या लेकीला मारणाऱ्याला तुमच्या तुरुंगात दिसत नाही. शेजारच्याची छाती गेली आहे. आणखी एकाचं डोकं गेलं असेल. तुम्हाला वाटतं तुम्ही त्यांना शिक्षा देताय. साहेब, शिक्षा भोगायला माणूस शाबूत लागतो. तुम्ही त्याला कुजवून, आंधळा करून, वेडा करून त्या शिक्षेतून सोडवताय. तुम्ही माझी फसवणूक करताय. मला तो धडधाकट हवाय. त्याला श्वास घेता आला पाहिजे, झोप लागली पाहिजे, आणि सकाळी उठल्यावर त्याला स्पष्ट दिसलं पाहिजे की आपण काय केलं."

कोणीच टाळी वाजवली नाही. वकील बुटांकडे बघत होते. प्राध्यापकबाई सुद्धा.

अध्यक्षांनी विचारलं की तुमची नेमकी मागणी काय? मी म्हटलं, त्याचा नंबर काढायची परवानगी. त्यांनी मान मागे टाकून माझ्याकडे बघितलं आणि जेलरला तिथल्या तिथे तोंडी हुकूम दिला. बाकीच्या तुरुंगाचं काय ते म्हणे अहवालात लिहिणार. अहवाल येईपर्यंत तो खोकणारा राहतो का बघायचं.

बाहेर आल्यावर वकील म्हणाले की तुम्ही समितीचं नुकसान केलंत. पोस्टरं काढून टाकतील बहुतेक. काढू देत. ढमीचा फोटो माझ्याकडे आहे.

९ मार्च

नंबर काढला.

तुरुंगातल्या दवाखान्याचं कुलूप माझ्यासाठी उघडलं, तेव्हा आत वेगवेगळ्या औषधांची खोकी न फोडता पडलेली दिसली. मी जेलरकडे नुसतं बघितलं. तो म्हणाला, डॉक्टरची जागा रिकामी आहे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. माझा ट्रायल काचांचा डबा त्यांनी तीनदा तपासला.

त्याला खुर्चीत बसवलं. दोन शिपाई बाजूला. ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलून बघायची रिकामी फ्रेम, माणसाच्या नाकावर आपल्या हातांनी चढवावी लागते. कानाच्या मागे बोटं न्यावी लागतात. हे मी घरून निघताना विचारात घेतलंच नव्हतं. त्याच्या कानामागे घाम होता. माझी बोटं तिथे लागली, तरी दांड्या नीट बसवल्या. मग त्याच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला पट्टी धरली, चेहऱ्यासमोर चेहरा, आणि पट्टी हलू नये म्हणून माझा हात त्याच्या गालावर टेकला.

त्यानंतर कामच सुरू झालं. ही काच बरी की ही? आधीची की आताची? तो अगदी लहान आवाजात सांगायचा, आधीची, आताची, सारखीच. तिसऱ्या ओळीला अडकला आणि भिंतीकडे झुकायला लागला, तेव्हा मी म्हणून गेले, "हनुवटी वर घे, बाळा. घाई नाही."

दुकानात सगळ्या पोराटोरांना मी असंच म्हणते. जिभेला सवय लागलीये, दुसरं काही नाही. पण शिपाई चमकला आणि तो खुर्चीतला थरथरायला लागला. मला स्वतःचा इतका संताप आला की डबा बंद करून निघून जावंसं वाटलं. पण डाव्या डोळ्याचा राहिला होता, अर्ध्यावर काम टाकायची मला सवय नाही.

उजवा मायनस साडेआठ, डावा नऊ.

१५ मार्च

मागच्या खोलीत मशीनचा आवाज. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला म्हटलं थांबा हं, आणि दारातून बघितलं. हे मशीनवर वाकले होते, कपाळावर पांढरी पूड. काच उचलून दिव्यासमोर धरायची, बोटाने कड चाचपायची, पुन्हा चाकाला लावायची. जाड काच आहे, कड दाट येते, ती पातळ करत होते. त्याला जड झाली तर दिवसभर घालणार नाही, म्हणाले. तो घालायला हवा ना?

बिजागरीत स्क्रू चालणार नाही असा तुरुंगाचा नियम. यांनी स्क्रू काढून नायलॉनचा दोरा ओवला. नेहमीच्या गिऱ्हाइकासाठीही इतकं केलं नसतं.

काच पूर्ण झाल्यावर यंत्रावर नंबर बघताना यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पूड गेली असेल. मी त्यांना सांगत असते, मशीनवर बसताना डोळ्यांना काहीतरी लावत जा. आज जेवले मात्र पोटभर. मीही जेवले.

१८ मार्च

आज दिला.

पुन्हा तीच दवाखान्याची खोली. मध्ये टेबल. मी चष्मा घातला, दांड्या बघितल्या, डावी जरा उचलली होती ती वाकवून बसवली. मग मागे सरून समोरच्या खुर्चीत बसले. त्याने डोळे मिटूनच ठेवले होते. मी म्हटलं, उघड.

त्याने माझ्याकडे बघितलं. किती तरी वेळ. मग म्हणाला, "कोर्टात पहिल्या रांगेत काहीतरी निळं बसायचं. ते तुम्ही होतात?"

ढमीची निळी शाल मी रोज अंगावर घेऊन जायचे. सगळा खटला मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसले होते, निदान मला तसं वाटत होतं. आणि त्याला एक निळा डाग दिसत होता. अंगाचा तिळपापड झाला, पण रागवायचं कोणावर? पोलिसांवर, न्यायाधीशांवर, त्या खोकंभर चष्म्यांवर? सगळ्यांवर.

मी फोटो पुढे धरला. मग तो टेबलावर उभा टेकवून ठेवला.

त्याने बघितलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, एक रेषसुद्धा सोडायची नव्हती मला. तो म्हणाला, "मी हिला बघितलंच नव्हतं कधी. चष्मा आधीच पडला होता. नुसतं काहीतरी पांढरं अंगावर आलं." पांढरा तिचा कामाचा कोट. मग पुष्कळ वेळाने, कोणाशी बोलत नसल्यासारखा म्हणाला, "हिचा एक दात दुसऱ्यावर चढलाय."

चढलाय. वरचा, डाव्या बाजूचा. तिला त्याची लाज वाटायची, हसताना ओठ मिटायला बघायची, या फोटोत तेवढी विसरली होती. सहा वर्षं लोक येतात, गुणी होती म्हणतात, देवमाणूस होती म्हणतात. पोस्टरवर तर वकिलांनी तिचा दात सरळ करून घेतला होता. तिच्या दातावर कोणी बोललं नव्हतं. बोलला तो हा. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले.

त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे सरकवला. म्हणाला, "हा नको. घेऊन जा. तुमच्या पाया पडतो."

मी म्हटलं, "घाल."

काचांवर पाणी साचलं होतं. मी पर्समधलं फडकं काढलं, दोन्ही बाजूंनी पुसलं, उजेडात धरून बघितलं, आणि पुन्हा त्याच्या डोळ्यांवर चढवला. काचेवर पाणी वाळलं की डाग राहतात. म्हटलं, आता परत बघ. त्याने परत बघितलं.

फोटो तिथेच ठेवून आले. जेलरला सांगितलं, हा त्याच्या भिंतीला लावा, रोज समोर दिसला पाहिजे. घरी माझ्याकडे दुसरी प्रत आहे.

काळजाला थंडावा मिळेल असं वाटलं होतं. मिळायलाच हवा होता, मला हवं ते सगळं झालं. यांनी दार उघडताच विचारलं, दिसलं त्याला? मी म्हटलं, दिसलं. पुढे त्यांनी काही विचारलं नाही, आणि बरं केलं.

२७ मार्च

दुपारी दुकानात जेलरचा फोन. मला वाटलं दोरा तुटला. पण नाही, चष्मा ठीक आहे.

दवाखान्यात डॉक्टर आलाय, आठवड्यातून दोनदा बसतो, त्या खोकणाऱ्याला रुग्णालयात हलवलं, असं सांगितलं. मी म्हटलं, उशीर केलात. मग तो जरा अडखळत म्हणाला की फोन दुसऱ्याच कारणासाठी केलाय. त्या कैद्याने तुमचा चष्मा दिल्यापासून काढलेलाच नाही. भिंतीसमोर बसून असतो, फोटोकडे बघत. जेवायला ओढून न्यावं लागतं. रात्रीही तसाच, चष्मा घालून, डोळे उघडे. झोप म्हणून नाही. पहाऱ्यावरचे घाबरलेत. काय करू, म्हणाला. फोटो काढून घेऊ का?

हे काउंटरच्या पलीकडून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, फोटो काढायचा नाही. अजिबात नाही. दिवसभर बघू दे त्याला.

मग मी जेलरवर ओरडले, कारण एवढी साधी गोष्ट या लोकांना सांगावी लागते. म्हटलं, झोपताना चष्मा काढायचा असतो हे कोणी त्याला शिकवलं नाही का? उशीवर दांड्या फाकतात, काचा सैल होतात, यांनी एवढी मेहनत घेतली ती फुकट जाईल. रात्री दिवे मालवले की तुम्ही स्वतः जा. त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढा, फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवा, आणि त्याला सांगा, मी सांगितलंय म्हणून सांगा, की आता झोप. सकाळी परत घाल.

फोन ठेवला. यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला काय वाटलं असेल.